काठासकट पळणारी गोपिकाताई

गोपिकाताई हेडाऊ पहाटे आमच्या तांडापेठेतून पळत निघाली की हातमागांच्या खटखटीतही तिचे पाय वेगळे ओळखू येतात. माग करतो खट-खटाक, तिचे जोडे करतात टप-टप-टप. आणि त्या दोघांवर ताण म्हणजे तिच्या आईची, मैनाबाईंची, हाक. ती हाक चौकापर्यंत जाते.

"दूध पिऊन जाय वं पोट्टे! भुक्या पोटानं कुठं चालली?"

हे दूध मैनाबाईंचं नाही, आमच्या विणकर सोसायटीचं. अंडी सोसायटीची, खिळ्यांचे जोडेही सोसायटीचे. अध्यक्ष मारोतरावांनी तसं सभेत ठरवलं होतं. मारोतराव बोलताना दर तीन शब्दांनी नाकात तपकीर ओढतात, त्यामुळे त्यांचं भाषण फाटक्या पातळासारखं जागोजागी उघडं पडतं. "पोट्टी पळते... सुंऽऽ... पळू द्या. पन आपला काठ... सुंऽऽ... आंगावर घेऊन पळू द्या!"

म्हणून सोसायटीच्या मागावर गोपिकाताईसाठी खास कापड विणलं. पांढरं सुती, आणि छातीवर आडवा लाल करवतकाठ, करवतीचे दात असतात तशा नक्षीचा. त्या कापडाचा सदरा घालून ती अमरावतीत जिंकली, अकोल्यात जिंकली, पेपरात फोटो आला. मग इतवारीच्या दुकानांत बाया पातळं चिवडत म्हणायला लागल्या, "हे नको, ते पळनाऱ्या पोट्टीच्या काठाचं दाखवा." सोसायटीचा माल उठायला लागला. गोपिकाताई पळायची, तांडापेठ विणायची, दोघांचंही बरं चाललं होतं.

मग १९७९ची थंडी आली आणि कस्तुरचंद पार्कावर निवड ठेवली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत जी पहिली येईल ती राष्ट्रीय शिबिराला जाणार. गोपिकाताई चार वर्षं याच एका गोष्टीसाठी उठत होती. सगळी तांडापेठ मैदानावर लोटली. त्या दिवशी माग बंद.

राष्ट्रीय क्रीडासंघाचे निरीक्षक होते धरमपेठेतले शरच्चंद्रराव. त्यांची मराठी इस्त्री केलेली. प्रत्येक वाक्याला 'हे पहा'ची घडी. त्या वर्षी संघानं एका बिस्किट कंपनीशी करार केला होता, आणि सगळ्या मुलींना पिवळी जर्सी वाटली होती. छातीवर ताटाएवढं बिस्किट.

गोपिकाताई आपल्या सदऱ्यातच रेषेवर येऊन उभी राहिली.

"हे पहा, हा तुमच्या अंगावर काय प्रकार आहे?"

"काठ हाय जी."

"कोणाचा?"

मागून मारोतराव कुजबुजले. त्यांची कुजबुज म्हणजे अर्ध्या पार्काला ऐकू जाणार. "कोनाचाच नाई म्हन वं... सुंऽऽ... साधा काठ हाय म्हन!"

"आमच्या सोसायटीचा," गोपिकाताई म्हणाली.

"म्हणजे जाहिरात झाली. हे पहा, आपण हौशी खेळाडू. आपण कोणाचं काही घ्यायचं नसतं."

"मंग या पोट्ट्यांच्या आंगावर बिस्कुट काहून हाय?"

"ते संघानं घेतलंय. खेळाडूंनी नव्हे."

"बिस्कुटं कोन खाते मंग?"

तांडापेठ अशी हसली की झाडावरचे पोपट उडाले. शरच्चंद्ररावही मिशीत हसले, हे सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता, नियमानं आवळलेला होता.

"जर्सी घाला आणि विषय संपवा."

"घालतो जी. बाराही महिने दूध द्याल?"

"शिबिर असेपर्यंत खाणंपिणं मिळतं."

"शिबिर दोन महिन्यांचं. बाकीचे दहा महिने मी काय बिस्कुटाच्या चित्राकडं पाहून पळू?"

बाकीच्या मुली थंडीत कुडकुडत होत्या. शरच्चंद्ररावांनी घड्याळ पाहिलं आणि तोडगा काढला. लाऊडस्पीकर चालूच होता, त्यामुळे तो सगळ्या पार्कानं ऐकला. "हे पहा, असं करा. सदरा उलटा घाला. मग माझी काही हरकत नाही."

गोपिकाताई निमूट तंबूत गेली, सदरा उलटा घालून बाहेर आली. काठ जसाच्या तसा. तोच लाल, तेच दात. करवतकाठ विणताना काठाचे दोरे कापडाच्या अंगातल्या दोऱ्यांत अडकवत जातात. त्याला उलटी बाजू नसतेच. हे तांडापेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक, धरमपेठेत ठाऊक असायचं काही कारण नाही.

"उलटाच घातला का?"

"मायची आन, उलटा हाय जी. शिवन पाहा न."

त्यांनी शिवण पाहिली. खरंच बाहेर आली होती. मग त्यांनी मान हलवली. "मी बोललो ते बोललो. पळा."

आणि ती पळाली! पहिल्या फेऱ्यांत रामदासपेठेची देवकी पुढे होती. गोपिकाताई तिच्या मागोमाग, तोंड मिटून, मागावर सुताचा धोटा फेकावा तसे हात फेकत राहिली. शेवटच्या फेरीत तिनं जी झेप घेतली, तिला आवाजच नव्हता. मारोतरावांच्या हातातली तपकीर हातातच राहिली.

पहिली!

शरच्चंद्रराव मायक्रोफोन घेऊन तिच्याकडे गेले. आता ते हळू बोलत होते, पण मायक्रोफोन चालूच होता. "उत्तम धावलात. आता शिबिराला जायचं तर एवढंच जाहीर करा, की यापुढे मी संघाशिवाय कोणाची मदत घेणार नाही. एक वाक्य. यात माझ्या हातात काही नाही."

एक वाक्य. मारोतराव स्वतः ओरडले, "बोलून टाक वं! आमी चोरून देऊ दूध!"

गोपिकाताईनं मायक्रोफोन तोंडाजवळ धरला. छाती अजून भात्यासारखी चालत होती.

"मी गोपिका हेडाऊ. दूध, अंडे, जोडे तांडापेठच्या सोसायटीचे. पुढंही घेईन. चोरून नाई घेनार."

आणि मायक्रोफोन परत दिला, दोन्ही हातांनी, मोठ्या माणसाला देतात तसा.

शिबिराला दुसरी आलेली देवकी गेली. तिला गाडीत बसवायला गोपिकाताई स्टेशनवर गेली होती. घरी आली आणि मागावर बसून रडली. बाहेर ऐकू येऊ नये म्हणून माग चालू ठेवला, पण त्याची लय चुकत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती जोडे बांधत होती. मैनाबाई दारात आल्या.

"काहून वं? शिबिर तं गेलं. आता कोनासाठी पळून राहिली?"

"दूध कोन पाजते मले?"

"सोसायटी."

"मंग? दूध प्याचं आन घरी बसाचं?"

मैनाबाई दुधाचा पेला आणेपर्यंत पोट्टी बुटीबोरीच्या रस्त्याला लागली होती.