डोंगराला आडनाव नसतं

"डोंगर बोलतो, पण आडनाव सांगत नाय," हे हानोख गव्हाणकरांचं नेहमीचं वाक्य. तीस वर्षं गव्हाणकडच्या खाणीत सुरुंग लावला त्यांनी. डावा कान त्यातच गेला.

पनवेलात बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं आता बोटांवर मोजावीत एवढीच. सिनायच्या डोंगरावर देवाने दहा आज्ञा दिल्या, त्या आठवणीच्या सणाला त्या आज्ञा मोठ्याने वाचायचा मान बावीस वर्षं हानोखदादांचा. यंदा तो राहतो की जातो, या धास्तीत त्यांची बायको दिना सकाळपासून होती.

सगळं झालं ते गेल्या आठवड्यात, मलिद्याच्या ताटावर. नवसाचे गोड पोहे वाटले जात होते आणि हानोखदादा बोलून गेले, "शास्त्रात काय लिवलंय? डोंगराभोवती हद्द आखा, कुणी शिवू नका, शिंग वाजंल, मग धूर, मग हादरा. अरे, ही तर आमची सुरुंगाची रीत! आधी दोरी, मग भोंगा, मग बार."

सगळे हसले. प्रार्थनाघराचा कारभार बघणारे मुकादम शालोमभाऊ तेवढे हसले नाहीत.

आज सणाला मशिदीत (बेने इस्रायल आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात) तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडली गेली. हानोखदादा वाचनाच्या चौथऱ्याची पायरी चढणार, तोच मुकादम आडवे आले. हळूच काही पुटपुटले.

"या कानाला नाय ऐकू येत. उजवीकडं ये."

मुकादम उजवीकडे गेले. आता आवाज चढवावा लागला, आणि जे चारचौघांत बोलायचं नव्हतं ते वरच्या सज्जात बायकांनाही ऐकू आलं.

"दादा, सिनायवरचा तो आवाज देवाचा, की दगडाचा?"

दिनाने कठडा घट्ट धरला. म्हणा ना, देवाचा, ती मनात म्हणाली. एका शब्दाचं काम.

"धूर दगडाचा असंल. हादरा दगडाचा असंल. पण हजार बार ऐकले मी, 'चोरी करू नको' असं एकबी दगड बोलला नाय. ते शब्द कुठनं आले, मला ठाव नाय."

"मग देवाचेच म्हणा आणि वाचा! कशाला ताणताय?"

"मुकादम, आमच्या खाणीत एकाने न बघताच 'वाट मोकळी' म्हणून हाळी दिली. काशिराम गेला त्यात. तवापासून न बघितल्याची साक्ष मी देत नाय. नववी आज्ञा काय हाय? खोटी साक्ष देऊ नको. इथं खोटं बोलू, आन वर चढून तीच वाचू?"

मुकादम पायरीवरून हलले नाहीत.

हानोखदादांनी खांद्यावरची प्रार्थनेची शाल काढली, घडी घातली, बाकावर ठेवली. सणाच्या दिवशी गाडीत बसायचं नाही, म्हणून उन्हातून खांदा कॉलनीच्या वाटेने पायीच निघाले. मागून येणारा टेम्पो हॉर्न देत होता. तो डावीकडून, बहिऱ्या कानाच्या बाजूने होता; दादा न वळता चालत राहिले आणि टेम्पोच वळसा घालून गेला.

सज्जाच्या खिडकीत दिना उभी राहिली. खाली उघड्या तोरेपाशी वाचायला कुणी नव्हतं. मुकादम दारात येऊन त्याच वाटेकडे बघत होते.