भिंतीकडे वळणारी खुर्ची

चौलच्या नाक्यावर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थाचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या वाडीतल्या पाहुण्यांच्या खोल्यांची वेबसाइट त्यानंच केली, म्हणून अधूनमधून जाणं होतं. त्याचं बोलणं "व्हय", "न्हाय" आणि "थांबा" एवढ्यावर भागतं. गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की तो आपली फिरती खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करतो. तिथं मागच्या वर्षाचं कॅलेंडर आहे. समोर सरपंच असो की शाळकरी पोरगी, खुर्ची वळतेच. मला हे जरा नाटकी वाटायचं.

मध्यंतरी आमची वेबसाइट उघडली की 'सुरक्षित नाही' असं यायला लागलं. पाहुणे बिचकले. ते घालवायला सुरक्षिततेचं सर्टिफिकेट बसवायचं, तर वेबसाइटचं नाव आपलंच आहे हे आधी त्या नावाच्या खात्यात शिरून सिद्ध करावं लागतं. खातं धाकट्या भावाचं. ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जाणार, आणि वाटणीपासून आमचं बोलणं बंद.

"दुसरं नाव घेऊ या," मी दुकानदाराला म्हणालो.

"घराच्या पाटीवर कुठलं हाय?"

"हेच. आईचं."

"मग फोन लावा."

लावला. भावानं आकडे सांगितले, मी टाकले. फोन ठेवणार तोच भाऊ म्हणाला, "दादा, विहिरीचं पाणी टिकलं का रे?"

पुढे आम्ही बराच वेळ बोललो. दुकानदार तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून मागच्या वर्षाचं कॅलेंडर वाचत बसला होता.