उन्हात वाळवलेले सेल

आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात कानाचं यंत्र असतं, काडेपेटीएवढं. त्याची वायर कानापर्यंत जाते. त्याला पेन्सिल सेल लागतो, आणि त्या सेलवरून आमच्या घरात सारखी भांडणं व्हायची.

वडगावात जन्मभर घरच्या यंत्रमागावर साड्या विणताना आप्पांचे कान गेले. यंत्र मिळालं, पण सेल संपेल म्हणून ते बंदच ठेवायचे. मी काही विचारलं की मान डोलवायचे. गॅस बंद केलात का? व्हय व्हय. जेवलात का? व्हय व्हय. एकदा चिडून विचारलं, "मला विकून टाकलंत का?" तरी व्हय व्हय! आधी हसू आलं, मग रडू. घरात आम्ही दोघंच. बाप समोर बसलेला, आणि माझं बोलणं ऐकायला घरात कुणी नाही, हे मला सहन होत नव्हतं.

खडेबाजारातून ते 'एकावर एक फुकट' असले सेल आणायचे. असले सेल लवकर मान टाकायचे. मग आप्पा ते गच्चीवर मिरच्यांशेजारी उन्हात मांडायचे. उन्हानं सेलात जीव येतो, अशी आमच्या गल्लीत सगळ्यांचीच श्रद्धा.

मी ठरवलं, त्यांचं निमित्तच संपवायचं. दुकानात सवलतींचा सेल लागला तशी ऑफिसातून थेट खडेबाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "आक्का, वापरा न् टाका. चार्जिंगचा ताप कशाला?" मी ऐकलं नाही. सवलतीतला चार्जर आणि परत परत भरता येणारे सेल घेऊन आले.

आप्पांनी चार्जर उलटासुलटा करून पाहिला. "चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला!"

दुसऱ्या दिवशी चार्जर रिकामा. गच्चीवर गेले, तर माझे नवे सेल मिरच्यांशेजारी ओळीनं उन्हात! हात पोळला. डोकं त्याहून जास्त तापलं. सगळे उचलून खाली आणले आणि गार झाल्यावर त्यांच्यादेखत चार्जरमध्ये बसवले.

मग रोज सकाळी चहाबरोबर मी भरलेला सेल यंत्रात घालायची आणि बटण चालू करायची. माझी पाठ वळली की आप्पा बंद करायचे. मी परत चालू करायची. हट्टाला ते पेटले होते, पण मीही त्यांचीच लेक.

शेवटी त्यांचा हात बटणावर असतानाच धरला. "आता सेल संपायची भीती न्हाय. मग बंद का करताय?"

ते मागाच्या खोलीकडं बघत राहिले. माग विकल्यापासून ती खोली रिकामीच आहे.

"यंत्र बंद असलं की कानात माग चालतोय गं," ते म्हणाले. "चालू केलं की कळतंय, माग न्हाय. घर लई गप्प हाय."

माझा राग कुठल्या कुठं गेला. पण हात सोडला नाही. "घर गप्प हाय न्हवं? मग मी बोलते." तिथंच फरशीवर बसून ऑफिसातल्या साहेबांची नक्कल करायला लागले. आप्पा आधी कसनुसे हसले, मग मोठ्यानं. जेवणापर्यंत त्यांनी बटणाला हात लावला नाही.

सकाळी मी चहा गाळत होते. आप्पा स्वतःच स्वयंपाकघरात आले, चार्जरमधला सेल काढून यंत्रात घातला आणि पाटावर बसले.

"भरलाय बघ ह्यो," म्हणाले. "हं, बोल."