डावा कौल

हौसाला घरातून बाहेर काढली ती खुर्चीवर बसवून. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा धाकटा भाऊ सदा. दारापासून गल्लीच्या तोंडाला उभ्या असलेल्या जीपपर्यंत तसंच उचलून नेलं. एरवी वाडीतलं कुणी परगावी निघालं की अर्धी गल्ली जमा होते, कुणी हातावर दही ठेवतं, कुणी ओटी भरतं. त्या सकाळी दारं उघडी होती, पण दारात माणूस नव्हतं. सदानं खुर्ची उचलली, पण तोंड दुसरीकडं करून.

आई तेवढी उंबऱ्यावर उभी होती. म्हणाली, "मारुत्या, देवाच्या वरचढ झालास व्हय रं? गेलास तर ह्यो उंबरा तुला परका."

मी मागं बघितलं नाही. जीप कुंडलच्या रस्त्याला लागली तेव्हा हौसा, माझी बायको, म्हणाली, "आत्याबाई रडत हुत्या. लेकानं मागं एकदा तरी बघायचं."

हे मी वाडीत राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे दवाखान्यापायी घर सोडून शहरात अडकून पडलेत त्यांच्यासाठी. माझी शाळा चौथीतच सुटली. अक्षराला नावं ठेवायची असतील तर ठेवा, मी काही मनावर घेणार नाही.

मी गुळव्या. गुऱ्हाळावर रस उकळत असतो, तेव्हा ती मोठी कढई, काहील, नेमकी कधी उतरवायची ते सांगणारा माणूस. जरा आधी उतरवली तर गूळ चिकट होतो, जरा उशीर झाला तर करपतो. रहिमतपूरपासून माणसं मला न्यायला यायची. आमच्या वाडीतही गूळ करणारे होते, पण उसाचा मोठा फड असला की मलाच बोलवायचे, कारण मी जेवढ्या काहिली उतरवल्या तेवढ्या त्यांनी बघितल्याही नव्हत्या. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढं त्याचा संबंध आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. हौसाच्या गुडघ्याखाली दुखायला लागलं. शेतात भांगलताना पाय मुरगळला असेल म्हणून हाड बसवणाऱ्याकडून चोळून घेतला. सूज उतरायची सोडून हाडालाच टेंगूळ आलं. सांगलीच्या दवाखान्यात फोटो काढला. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, हाडाचा कॅन्सर आहे, पाय मांडीतून काढू, परवाच भरती व्हा.

तिथून मी तिला मिरजेला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडाला लावून लय वेळ बघितला. मग म्हणाले, "मारुतराव, पाय मीही काढू शकतो. पण असलं हाड मी उभ्या जन्मात दोन-तीनदाच पाहिलंय. मुंबईला ह्याचा वेगळा विभाग आहे, ते रोज हेच बघतात. आणि एक लक्षात ठेवा. तपासायला सुई घालून तुकडा काढतात, तो इथं कुणालाही काढू देऊ नका. जो शेवटी ऑपरेशन करणार, सुई त्यानंच घालायची. सुई गेली त्या वाटेनं रोग सांडतो, ती वाट पुढं कापून काढावी लागते. भलत्या जागी टोचलं तर वाचणारा पाय जातो."

मला एका दमात पटलं. काहील ज्यानं उतरवायची, आच त्यालाच बघू द्यावी लागते. मी चार तालुक्यांतून ज्या कारणासाठी बोलावला जात होतो, त्याच कारणासाठी हौसाला मुंबईला न्यायचं होतं.

पण वाडीला पटलं नाही. सांगलीत चार दिवसांत मोकळं होणार असेल तर मुंबईला महिनोन्महिने कशाला? आई म्हणाली, कौल लावू. आमच्याकडं मोठं काम निघालं की ग्रामदैवताला कौल लावतात. गुरव दोन ओल्या पाकळ्या देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या घरातलं एकही लग्न, एकही विहीर ह्याच्याशिवाय झाली नव्हती.

सगळी भावकी देवळात बसली. हौसाला पायऱ्या चढता येईनात म्हणून ती खाली पारावर. गुरवानं विचारलं, "देवा, लेकीला मुंबईला न्यावी काय?" बऱ्याच वेळानं पाकळी सुटली. डावी.

आईनं हात जोडले. चुलते म्हणाले, "झालं. सांगलीला भरती कर." मी उठून खाली आलो आणि हौसाला सांगितलं.

ती म्हणाली, "देवाला इचारलं, भावकीला इचारलं. पाय माजा हाय, मला कुणी इचारलं?"

"मग इचारतो. सांग."

"मुंबईला न्या. आवं, देवाला मुंबईचं काय म्हायती? त्याची पालखी तरी कवा वड्याच्या पलीकडं गेलीया?"

मला हसू आलं. वरून भावकी बघत होती. त्या हसण्याची आठवण मला पुढं कैक वर्षं करून दिली गेली.

मुंबईचं काय सांगू. हॉस्पिटलात आमच्याकडची माणसं शोधावी लागत नव्हती. कुणी "आवं" म्हटलं की मान वळायची, "कुठलं गाव?" विचारायचं, खंडाळ्याचा माणूस कुंडलच्या माणसाला भाकरी द्यायचा. दोन दिवसांनी तो दिसला नाही की विचारायचं नाही, हे लवकरच कळलं. ओपीडी, केमो, स्कॅन हे शब्द तोंडात असे बसले, जसे वाफा, पाट, बांध. सुई तिथल्याच सर्जननं घातली. आधी केमो देऊन गाठ आवळली. हौसाचे केस गळाले, तेव्हा माझ्या टकलावर हात ठेवून म्हणाली, "आता जोडा शोभला बगा." त्याच दिवशी तिनं सहा वेळा ओकारी काढली आणि सातव्यांदा म्हणाली, "मला हितंच टाकून जावा." दोन्ही तीच बोलली. मग खराब हाड काढून आत धातूचा दांडा बसवला. पाय राहिला.

राहिला, पण गुडघा पुरता वाकेना. उकिडवं बसणं कायमचं बंद. वाडीत शेताकडंच जायची पद्धत. आता ती जाणार कशी? मी परड्यात खुर्चीचा संडास बांधायला निघालो. चुलते म्हणाले, "बांद. पण आदी देवळात नारळ ठिव, नाक घास, म्हण चुकलं." भावकीत कुणी विटा द्यायला तयार नव्हतं असं नाही. फक्त तो एक शब्द पाहिजे होता.

मी म्हणालो, "पाय वाचलाय. चुकलं न्हाई ते चुकलं कसं म्हणू?" आजही नाही म्हणणार.

म्हणून परड्यात वीट लागली नाही आणि आम्ही सांगलीला राहायला आलो. एका घरमालकानं आपल्या म्हाताऱ्या वडिलांसाठी तळमजल्याच्या खोलीत कमोड बसवून घेतला होता, म्हातारा वारला होता. ती खोली मी कमोड बघून घेतली, खिडकी नंतर बघितली. पहिल्याच आठवड्यात हौसाचा पाय उंबऱ्याला अडकून ती पडली. मालकाला विचारून मी छिन्नीनं उंबरा काढला आणि सिमेंटनं जमीन सारखी केली. मार्केट यार्डात गुळाच्या वखारीत काम धरलं. दुसऱ्यांनी केलेला गूळ उचलून ठेवायचा. ढेप हातात घेतली की कुठं आच चुकलीय ते कळायचं, पण सांगायचं कुणाला?

हौसा स्वतःच्या पायानं मंडईत जायची. काठी टेकत, पाय जरा बाहेर फेकत, पण स्वतःच्या. काही वर्षं अशी गेली. मग फॉलोअपच्या फोटोत फुप्फुसावर डाग दिसले. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या.

मी तिला विचारलं, कुठल्या घरी? वाडीला जायचं असतं तर मी काय केलं असतं, देवळात वाकलो असतो का, हे मला ठाऊक नाही. तिनं ती वेळ आणली नाही.

"जितं मला उटून बसता येतंया तितं," ती म्हणाली.

ती सांगलीच्या खोलीतच गेली. श्वास लागत होता, शेवटचे दिवस सोपे नव्हते, त्यावर लिहिणार नाही. वाडीत म्हणाले, कौल खरा झाला. ती मंडईत चालत गेली ती वर्षं कुणी धरली नाहीत.

दीडेक वर्षानं सदा आला. बरोबर त्याची बायको इंदू, जबड्याला फडकं बांधलेलं. दारात आल्यावर सदानं सवयीनं पाय उंच उचलला आणि पुढं काही नाही म्हणून हेलपाटला.

"उंबरा कुटाय रं, दादा?"

"काढला. हौसाचा पाय अडकायचा."

चहा झाल्यावर तो म्हणाला, "गाठ लय निराळी हाय म्हणत्यात. कौल अजून लावला न्हाई. आदी तुज्याकडं आलो."

मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. साठवूनच ठेवलं होतं. पण इंदू फडक्याआडून बघत होती. मी म्हणालो, "हिला इचारलंस का?" मग दोघांना सुईचं सांगितलं, कुठं जायचं ते सांगितलं. इंदू मुंबईला गेली. तिचं काय होणार ते मला माहीत नाही, अजून उपचार चालू आहेत.

त्यातच आई वारली. मी वाडीला गेलो. घराच्या दारात माझ्या अंगठ्याला ठेच लागली, नख निघालं, रक्त उंबऱ्यावर सांडलं. चुलत्यांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांना त्यात देव दिसला. मला कळलं की माझा पाय आता उंबऱ्याला उचलत नाही, तो सारख्या जमिनीला सरावलाय.

आईचे दिवस झाल्यावर पिशवी उचलली. सदा म्हणाला, "ऱ्हा की गड्या दोन दिस. आपलंच घर हाय."

"न्हाई रं," मी म्हणालो, "घरी जायाचंय."

मग निघालो, आणि त्या वेळी खाली बघून पाय उचलला.