रेड ऑक्साइडवरची देवी

ज्याच्या इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या रहिवासी परवान्यावर, ‘पेंटर’ लिहिलंय, तो आपल्या घरी काय रंगवतो, हे तुम्ही कधी विचारलंय का? मी विचारलं नव्हतं.

हुफूफजवळच्या पाइपलाइनच्या कॅम्पात मी ड्राफ्ट्समन होतो. तेलाचे दिवस, दर आठवड्याला नवी केबिन उभी राहायची. आमच्या केबिनमध्ये आणखी दोघं: डहाणूकडचा वारली पेंटर आणि सुदानचा, नाइलकाठचा न्युबियन स्टोअरकीपर. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला. भिंत दिसली की मला घोषणाच सुचायची.

पेंटरच्या मुलीचं लग्न शुक्रवारी गावी होतं. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे आणणाऱ्या मालकाकडे, रजा नाही. मग त्यानं केबिनची आतली भिंत पाइपांना लावायच्या रेड ऑक्साइडनं गेरूसारखी लाल केली आणि खजुराच्या काडीनं, तांदळाच्या पिठानं लग्नचौक काढला. मधोमध पालघट देवी. पांढरा इनॅमल ड्रमभर होता. त्याला त्यानं हात लावला नाही.

“आमच्यात हा सवाशिणी काढतात,” तो म्हणाला. “हितं बाई कुठून आणू?”

“आमच्याकडंही भिंती बायकांच्याच,” न्युबियन कॅम्पातल्या हिंदीत म्हणाला. “घरी सांगू नकोस. पुढच्या वर्षी सगळ्या भिंती तुलाच रंगवायला लावतील.”

लग्नाच्या घटकेपर्यंत देवी झाकलेली हवी, म्हणून त्यानं वर चादर टांगली. मंगळवारी तो ड्यूटीवर असताना मी ती उचलली, चित्र ट्रेसिंग पेपरवर उतरवलं, देवीच्या हाताची उगारलेली मूठ केली आणि गावाकडच्या एका चळवळीच्या मासिकाला पोस्टानं पाठवलं. संध्याकाळी त्याला अभिमानानं सांगितलं.

“मूठ कशाला?” तो म्हणाला. “ती काय मारामारी करायला येते? पीक यावं, पोरंबाळं व्हावी म्हणून येते. आणि तू लग्नाआधीच उघडी केलीस.”

बुधवारी फोरमननं हुकूम दिला: शनिवारी पाहणी, सगळ्या केबिनी आतून पांढऱ्या करा. रंगवणार आमचा पेंटरच. मी उसळलो, सह्या घेऊ, काम बंद ठेवू म्हणालो.

न्युबियन खाटेवर बसून होता. “धरणाचं पाणी आमच्या गावावर येणार होतं, तेव्हा आदल्या दिवशी आईनं भिंत लिंपून नवी नक्षी काढली. पाण्याखाली नदीची माणसं राहतात. घर कोणाचं होतं ते त्यांना कळू दे, म्हणाली.”

“मला शुक्रवार दुपारपर्यंतच भिंत पाहिजे,” पेंटर म्हणाला. “लगीन लागलं की देवी हितं राहत नाही.”

त्यानं बाकीच्या सगळ्या केबिनी आधी उरकल्या. शुक्रवारी सकाळी फोरमन दारात आला. “ही अजून लालच? यल्ला, आटप!”

“शेवटची हीच. दुपारी खलास, साहेब.”

फोरमन गेला. लग्नाची घटका आली तशी पेंटरनं चादर काढली. लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी त्याला अर्धीच येत होती. उरलेली तो गुणगुणला. न्युबियननं वाटीत खजूर ठेवले. मला कोणी जा म्हटलं नाही, बस असंही म्हटलं नाही. मी उभाच राहिलो. दुपारी पेंटरनंच भिंतीवर पांढरा रोलर फिरवला. लाल खालून दिसत राहिला, दोन हात लागले.

दोन महिन्यांनी मासिक आलं. मुखपृष्ठावर मूठ उगारलेली पालघट, खाली ‘आदिवासींचा प्रतिकार’. पेंटरचं नाव नव्हतंच. मी कळवलंच नव्हतं. त्यानं अंक बराच वेळ पाहिला आणि घडी करून माझ्या खाटेवर ठेवला.

ते चित्र त्यानंतर दोन ठिकाणी पुन्हा छापलेलं मी पाहिलं आहे. ती मूठ त्याची नाही, माझी आहे. तुमच्याकडच्या जुन्या अंकांत ते सापडलं तर कुणाला छापायला देऊ नका. ते पान फाडून टाका.