बारामतीतही न आलेलं पान

पहिली चूक माझीच. संगणकाच्या पडद्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की पान उघडता येत नाही, आणि मी ते सासऱ्यांना मराठीत वाचून दाखवलं, "येतंय, मामा. लांबून यायचंय."

खोटं बोलायचं नव्हतं, अब्रू वाचवायची होती. कारगिलला लढाई चालू होती. माझा धाकटा मेव्हणा फौजेत, तिकडंच कुठंतरी. बरेच दिवस त्याचं पत्र नव्हतं. कळसला सासुरवाडीत सगळे टीव्हीपुढं बसून असायचे, पण त्याची पलटण कुठं आहे, तिथं काय झालं, यातलं बातम्यांत काही येत नव्हतं. अशा घरात मी, कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप करतो म्हणून विद्वान ठरलेला जावई, भाकरी मोडता मोडता बोलून गेलो की इंटरनेटवर पलीकडच्यांचा, पाकिस्तानचा पेपरसुद्धा वाचता येतो. इंटरनेट मी तोवर एकदाच पाहिलं होतं, क्रिकेटचा स्कोअर बघायला. तो दिसेपर्यंत सामना संपला होता.

झालं. दुसऱ्या दिवशी सासरे, बायको आणि मी बारामतीच्या सायबर कॅफेत.

पान काही येईना. कॅफेवाला म्हणाला की बाकी सगळं उघडतंय, हाच पेपर उघडत नाही. सरकारनं बंद केलाय म्हणे.

पण सासऱ्यांनी माझा 'लांबून' पक्का धरला होता. पाटाच्या शेपटाला, पाणी सगळ्यात शेवटी पोचतं तिथं, शेती केलेला आणि जोडीला मेंढरं पाळलेला माणूस. पाणी आलं नाही की पाटाच्या कडेनं वर चालत जायचं, कुणी अडवलंय ते बघायचं आणि तिथंच भांडायला उभं राहायचं, ही त्यांची रीत. आणि पाट बारामतीकडून येतो, म्हणून इंदापूर तालुक्यातल्या माणसाला 'वर' म्हणजे बारामती.

"बारामतीत बी आलं न्हाय," ते म्हणाले, "म्हंजी लई वर अडवलंय. चला, जावईबापू."

कॅफेतून निघालेल्या तारेकडं मान वर करून ते खांबामागून खांब चालत निघाले, थेट टेलिफोनच्या कचेरीपर्यंत. मागं बायको. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं, यांच्यातला नसल्यासारखा.

तिथले साहेब भले होते. पाणी दिलं, बसवलं, समजावलं की इथं काही अडवत नाहीत. इथं पुण्याहून येतं, पुण्याला मुंबईहून. मग हुकूम कुणाचा, असं सासऱ्यांनी विचारलं. दिल्लीचा असेल, पण आपण कागद पाहिलेला नाही, असं साहेब म्हणाले.

"पाटाचं पाणी बंद करायचं तर चावडीवर नोटीस लावत्यात," सासरे म्हणाले. "ह्याची कुठं लावली?"

साहेबांनी आणखी पाणी मागवलं.

मग मीच समजुतीचा सूर लावला. लढाईच्या दिवसांत शत्रू खोटंनाटं छापतो, लोक घाबरतात, म्हणून सरकारला काळजी घ्यावी लागते वगैरे. आवाज जरा मोठा, म्हणजे साहेबांच्या दप्तरी माझी नोंद चांगली व्हावी.

"माझं पोरगं हाय तितं," एवढंच सासरे म्हणाले, आणि फेटा सारखा करून बाहेर पडले.

मेव्हण्याचं पत्र पुढं आलं, तो सुखरूप होता. पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक होतं? परतीच्या एसटीत सासरे पुढच्या बाकावर डोळे मिटून बसले होते, झोप नसताना. लासुर्णे गाव मागं पडलं. मग बायको आबांना, म्हणजे आपल्या वडलांना, ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"आबांनी जन्मभर मेंढरं विकली. बाजारात व्यापारी तोंडावर खोटं बोलायचे. आबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मग त्यांच्या मनाचं करायचे. हे पेपरातलं खोटं तेवढं त्यांना झेपलं नसतं व्हय? आणि घाबरायचं म्हणाल, तर काही कळत नाही म्हणूनच आई घाबरलीय. घरी गेल्यावर तिला काय सांगायचं, ते आता तुम्हीच सांगा."