प्रोग्राम तिच्याच बोटानं मावायचा

सगळ्यांच्या सामायिक बिल्ड-फाइलमध्ये मी कंपायलरचं ऑप्टिमायझेशन – म्हणजे कोड किती पळवायचा तो आकडा – दोनवरून तीनवर नेलं आणि कुणालाही सांगितलं नाही. चूक माझी. पुढं जे घडलं ते मात्र... कुणाचं म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

चमत्कार वगैरे असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. दसऱ्याला ऑफिसात कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालतात, तेव्हाही मी पेढ्यापुरताच हजर असतो.

बारामती एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. दूध संकलन केंद्रावरचं फॅट मोजायचं मशीन आम्ही बनवतो. त्याचा प्रोग्राम मी लिहितो, सात वर्षं झाली. प्रज्ञा आली आठ महिन्यांपूर्वी. रोज इंदापूरहून एसटीनं येते, आणि तिचा बिल्ड – म्हणजे लिहिलेल्या कोडचं कंपायलरनं केलेलं, चिपमध्ये भरण्याजोगं रूप – पहिल्या फटक्यात होतो. माझा होत नाही. तिची शेंगदाण्याची चटणी अख्खं ऑफिस मिटक्या मारत खातं. मीही खातो, आणि खाता खाता जळतो.

इंदापूरच्या एका मोठ्या केंद्रावर सोमवारी नवं मशीन दाखवायचं होतं. जो घेऊन जाईल तोच पुढं या मशीनचा प्रमुख, असं आमच्या मालकांनी – आम्ही त्यांना तात्या म्हणतो – चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. प्रोग्रामचा अर्धा भाग आता ती लिहायची, आणि माझा भाग तिच्या भागापेक्षा हळू चालायचा. आकडा तीनवर नेला की माझ्यासारखा ढिला कोडही पळतो. तो फुगतोही, हे मला माहीत होतं... पण जळताना माणसाला अर्धंच आठवतं.

शुक्रवारी दुपारी बिल्ड फेल. एरर सरळ होती – प्रोग्राम चिपमध्ये मावत नाही. मी जुन्या फाइली उडवल्या, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, 'कंपायलरच बिघडलाय' असं तात्यांना ठणकावून सांगितलं. आकडा तेवढा परत दोनवर आणला नाही. आणला असता तर माझा भाग पुन्हा तिच्या मागं.

"दादा, जरा उठा की," प्रज्ञा म्हणाली. माझ्याच खुर्चीत बसून, मीच टाईप केलेल्या कमांडवर तिनं एंटर दाबलं. मावला.

मी दाबलं – सांडला. तिनं दाबलं – मावला. तात्या खुर्ची ओढून जवळ बसले. "टाईप तू कर, बटण ती दाबंल." मावला. मग टाईप तिनं, बटण मी. सांडला. असं पाच वेळा, आळीपाळीनं. मधे मी साबणानं हात धुऊन आलो, तरी तेच.

माझं डोकं फिरलं. "तात्या, हिनं गुपचूप सेटिंग बदललंय. तीनचं परत दोन केलंय."

प्रज्ञानं शांतपणे विचारलं, "तीन कुणी केलं होतं, दादा?"

मी काय बोलून बसलो, ते तेव्हा कळलं.

तात्यांनी फाइल उघडायला लावली. आकडा तीनच होता, आणि बदल करणाऱ्याच्या जागी माझं नाव, आडनावासकट. म्हणजे तिनं कशालाच हात लावला नव्हता. त्या आकड्यावर तिचाही बिल्ड सांडायला हवा होता.

तिनं तीनचं दोन केलं आणि मग माझाही बिल्ड झाला. तीनवरचे तिचे बिल्ड मी अजून जपून ठेवलेत. चिपमध्ये बसतात, नीट चालतात. पुण्यातल्या एका जाणत्या मित्राला सगळं पाठवलं. त्याचं म्हणणं – कोड तोच, कंपायलर तोच, कॉम्प्युटर तोच, तर निकाल वेगळा येऊच शकत नाही, बोट कुणाचंही असो. मलाही तेच वाटतं... पण मी ते डोळ्यांनी बघितलंय.

सोमवारी मशीन घेऊन प्रज्ञा इंदापूरला गेली. मी तात्यांच्या मागं लागलो, "मला आठवडाभर द्या तात्या, कारण मी शोधून काढतो."

"शोध की," तात्या म्हणाले. "घावलं तर आधी प्रज्ञाला दाखव. बरोबर हाय का न्हाय, ती बघंल."